अँग्विला

वेस्ट इंडीजमधील ब्रिटनचा एक सागरपार प्रदेश. क्षेत्रफळ सु. ९१ चौ. किमी.; लोकसंख्या १३,५७२ (२०११). राजधानी द व्हॅली. लहान अँटिलीस द्वीपमालेतील लीवर्ड बेटांच्या उत्तर टोकास, कॅरिबियन समुद्र व अटलांटिक महासागर यांच्या सीमेवर हे बेट वसले आहे. फ्रान्स व नेदर्लंड्स यांच्यात विभागलेले सेंट मार्टिन बेट याच्या लगेच दक्षिणेस असून ज्या सेंट किट्सच्या कारभाराशी अँग्विला दीर्घकाळ जोडलेले होते, ते बेट दक्षिण-आग्नेयीस सु. ११० किमी. दूर आहे. मुख्य बेटाखेरीज साँब्रेरो, स्क्रब, डॉग, प्रिकली पेअर इ. लहान बेटांचा या प्रदेशात समावेश होतो.

विस्ताराने व लोकसंख्येने नगण्य असलेल्या या बेटाला आधुनिक राजकीय इतिहासात स्थान मिळाले, ते तेथील १९६७–६९ च्या उठावामुळे. आशिया, आफ्रिका व वेस्ट इंडीज येथील वसाहती यूरोपीय सत्तांपासून मुक्त होत असताना अँग्विलाच्या रहिवाशांनी बंड केले, ते शेजारच्या बेटावरील शासनाविरुद्ध आणि त्यांची प्रमुख मागणी होती, ती ब्रिटनने आपला कारभार पुन्हा प्रत्यक्ष हाती घ्यावा ही. स्वयंनिर्णयाचा हक्क नेमका कोणाचा, राज्याच्या अखंडतेला मर्यादा कोणती आणि अतिशय लहान लोकसमूहाने स्वराज्य कसे भोगावे, हे प्रश्न या उठावाने पुढे आणले. त्यांपैकी काहींची उत्तरे अद्यापि मिळालेली नाहीत.

भूवर्णन : बेट सु. २६ किमी. लांब व जास्तीत जास्त ५ किमी. रुंद, अरुंद पट्ट्यासारखे आहे. स्पॅनिश वा फ्रेंच भाषेतील ‘ईल’ या सर्पाकृती माशाच्या नावावरून त्याला सांप्रतचे नाव पडले असावे. सेंट किट्स, नेव्हिस व माँटसेरात ही बेटे ज्वालामुखीजन्य, डोंगराळ व सुपीक आहेत. याउलट अँग्विला प्रवाळ व चुनखडकांचे बनलेले, सपाट व रुक्ष आहे. सर्वोच्च भाग शंभर मीटरही उंच नाही. नद्या नाहीत, पाऊस कमी व बेभरवशाचा असतो. खडकावरील मातीचा थर पातळ असल्याने खुरटी झुडपेच सर्वत्र दिसतात. किनाऱ्यावर पांढऱ्या वाळूच्या पुळणी व खाऱ्या पाण्याची तळी आहेत. जमिनीच्या या दारिद्र्याने बेटाच्या सामाजिक व राजकीय इतिहासाला वेगळे वळण दिले.

प्राचीन काळ व इंग्रज वसाहत : इंग्रज येण्यापूर्वी बेटावर दीर्घकाळ अमेरिकन इंडियन लोकांची वस्ती होती. त्यांचे बेटाचे नाव ‘मालिऊहाना’ असे सांगितले जाते. फाउंटन कॅव्हर्न या गुहेत त्यांची शिलाचित्रे आढळली असून हे त्यांचे धार्मिक स्थान असावे. १६५० मध्ये सेंट किट्सहून आलेल्या इंग्रजांनी येथे वसाहत केली. १६६६ मध्ये फ्रेंचांनी ती जिंकली. परंतु पुढील वर्षीच्या ब्रेडाच्या तहाने ती इंग्लंडला परत मिळाली. १७४५ व १७९६ मधील फ्रेंचांचे हल्ले परतवून लावण्यात आले.

सुरुवातीस तंबाखू, पुढे कापूस व ऊस यांची लागवड झाली व त्यासाठी आफ्रिकेतून गुलाम आणण्यात आले. तथापि वारंवार पडणाऱ्या अवर्षणामुळे मोठे मळे येथे कधीच भरभराटले नाहीत. ब्रिटिश साम्राज्यातील गुलामगिरी १८३४ मध्ये कायद्याने रद्द झाली, तेव्हा बहुतेक मळे डबघाईस आलेले होते. पुष्कळसे गोरे मळेवाले बेट सोडून गेले व मुक्त झालेल्या लोकांनी त्यांच्या जमिनी तुकड्यातुकड्यांनी विकत घेतल्या किंवा कसण्यास सुरुवात केली. मजुरांच्या अभावी त्रिनिदाद व ब्रिटिश गियाना येथील मळ्यांवर पुढे भारतातून करारबद्ध मजूर नेण्यात आले; अँग्विलात मळेच न उरल्याने तशी गरज भासली नाही. लहान जमीनधारक, मच्छीमार, मिठागरांवरील कामगार, गलबते बांधणारे कारागीर व खलाशी यांचा एक स्वतंत्र बाण्याचा समाज येथे तयार झाला. शिडाच्या होड्यांच्या शर्यती हा आजही बेटाचा राष्ट्रीय खेळ आहे. दुष्काळांनी गांजलेल्या या सर्व लोकांना दक्षिण अमेरिकेतील डेमेरारा येथे हलवावे, अशी सूचना १८४० नंतरच्या दशकात पुढे आली होती. परंतु आपली जमीन सोडण्यास ते तयार झाले नाहीत. सेंट किट्सवर मात्र साखरेचे मळे टिकले व तेथील बहुसंख्य जनता भूमिहीन मजूर राहिली. दोन्ही बेटांवरील लोक एकाच वंशाचे व एकच भाषा बोलणारे. परंतु त्यांचे जीवनमान व हितसंबंध असे भिन्न होत गेले.

सेंट किट्सशी जोडणी : लहान वसाहतींचा कारभार काटकसरीने चालवावा, या हेतूने ब्रिटिश शासनाने वेळोवेळी बेटांचे गट पाडले. अँग्विलात तोवर स्थानिक कारभार चालत असे. १८२५ मध्ये या बेटाला सेंट किट्सच्या विधिमंडळात प्रतिनिधी पाठविण्यास सांगण्यात आले व त्याच्यासाठी कायदे करण्याचा अधिकार त्या विधिमंडळाकडे गेला. १८७१ मध्ये लीवर्ड बेटांचे संघराज्य स्थापन झाले. पुढील वर्षीच अँग्विलाच्या रहिवाशांनी लंडनकडे अर्ज करून सेंट किट्सशी असलेला संबंध तोडावा व ब्रिटनने आपला कारभार थेट पहावा, अशी विनंती केली. ती मान्य झाली नाही. उलट १८८२ मध्ये सेंट किट्स, नेव्हिस व अँग्विला यांचा एकच प्रशासकीय विभाग करण्यात आला. या विभागाच्या अधिकृत नावात अँग्विलाचा उल्लेख यावयास १९५१ साल उजाडावे लागले. १९६७ मध्ये जी मागणी शस्त्रे हाती घेऊन करण्यात आली, ती अशा रीतीने जवळजवळ शंभर वर्षे जुनी होती.

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात अँग्विलातील पुरुष उपजीविकेसाठी डोमिनिकन प्रजासत्ताकातील उसाच्या मळ्यांवर, क्यूरसाव व अरूबा येथील तेलशुद्धीकरण कारखान्यांत, पुढे अमेरिकेची संयुक्त संस्थाने व इंग्लंड येथे जात. त्यांनी पाठविलेल्या पैशांवर बेटावरील कुटुंबे चालत. शासनाकडून मिळणारे फारसे काही नव्हते. १९६० च्या दशकाच्या मध्यापर्यंत बेटावर सार्वजनिक वीजपुरवठा, नळाचे पाणी, पक्के रस्ते यांचा जवळजवळ अभाव होता. किरकोळ कामासाठीही सेंट किट्सची राजधानी बास्तेर हिच्याकडे पहावे लागे. दहा निर्वाचित सदस्यांच्या विधिमंडळात सेंट किट्सचे सात, नेव्हिसचे दोन व अँग्विलाचा एक सदस्य असे. १९५२ मध्ये प्रौढ मताधिकार मिळाल्यानंतरही या एका मताने कोणताही निर्णय बदलणे शक्य नव्हते.

सेंट किट्समधील सत्ता मजूर पक्षाचे नेते रॉबर्ट ब्रॅडशॉ यांच्या हाती होती. ऊसमळे व साखर कारखान्यांतील कामगारांचे संघटन करून त्यांनी मळेवाल्यांच्या वर्चस्वाशी मोठा झगडा दिला होता व त्या बेटावरील गरीब जनतेत त्यांना अपार मान होता. तथापि त्यांच्या पक्षाचा पाया ऊसकामगार हा होता. जेथे मळे नाहीत व मजूर संघही नाहीत, अशा अँग्विलात त्या पक्षाला आधार नव्हता. १९६६ च्या निवडणुकीत तेथून विरोधी पक्षाचे पीटर ॲडम्स निवडून आले. सेंट किट्सने आपली उपेक्षा केली, ही अँग्विलाची तक्रार तर त्या बेटावरील लोक कर थोडा देतात व मागण्या फार करतात, ही सेंट किट्सची भावना, असा हा दुरावा होता.

सहयोगी राज्य व उठाव : १९५८ मध्ये स्थापन झालेले वेस्ट इंडीजचे संघराज्य १९६२ मध्ये विसर्जित झाले [→ वेस्ट इंडीज]. जमेका, त्रिनिदाद व बार्बेडोस स्वतंत्र झाले. उरलेल्या लहान बेटांसाठी ब्रिटनने १९६७ च्या वेस्ट इंडीज अधिनियमाने ‘सहयोगी राज्य’ हा नवा दर्जा निर्माण केला. त्यानुसार अंतर्गत कारभार पूर्णपणे स्थानिक शासनाकडे व संरक्षण आणि परराष्ट्रव्यवहार ब्रिटनकडे, अशी वाटणी झाली. सेंट किट्स–नेव्हिस–अँग्विला हे सहयोगी राज्य २७ फेब्रुवारी १९६७ रोजी अस्तित्वात आले. अँग्विलासाठी स्थानिक मंडळाची तरतूद संविधानात होती. परंतु ते प्रत्यक्षात येण्यापूर्वीच नवा दर्जा लागू झाला. लंडनचा अंकुश नाहीसा होऊन आपण पूर्णतः बास्तेरच्या हाती जाणार, या भीतीने बेटावर असंतोष पसरला. राज्यारोहणाच्या समारंभाच्या निमित्ताने फेब्रुवारीत पोलीस व जमाव यांच्यात चकमक झाली व त्यानंतर सेंट किट्सच्या प्रशासकीय अधिकाऱ्याचे निवासस्थान जाळण्यात आले.

मे महिन्याच्या अखेरीस भरलेल्या जाहीर सभेत सेंट किट्सच्या पोलिसांना घालवून देण्याचे ठरले. त्यानुसार ३० मे १९६७ रोजी सतरा पोलिसांना निःशस्त्र करून विमानाने परत पाठविण्यात आले. हा दिवस ‘अँग्विला दिन’ म्हणून पाळला जातो. कारभारासाठी एक समिती नेमण्यात आली. तिच्यात ॲडम्स यांच्याबरोबरच व्यापारी रॉनल्ड वेब्स्टर हे पुढारी होते. १० जून रोजी काही सशस्त्र अँग्विलावासीयांनी परदेशी साहाय्यकांसह सेंट किट्सवर रात्री उतरून पोलीस ठाण्यांवर हल्ला केला. तो फसला, परंतु ब्रॅडशॉ यांच्या शासनाने आणीबाणीच्या अधिकारांचा वापर करून विरोधी पक्षाच्या नेत्यांनाही अटक केली. ११ जुलै १९६७ रोजी अँग्विलात घेतलेल्या सार्वमतात १,८१३ मते विभक्त होण्याच्या बाजूने व केवळ ५ विरुद्ध पडली. बेटाची लोकसंख्या तेव्हा सु. सहा हजार होती.

जुलैच्या अखेरीस बार्बेडोस येथे ब्रिटन, सेंट किट्स व इतर कॅरिबियन देश यांच्या उपस्थितीत वाटाघाटी झाल्या. सेंट किट्सच्या राज्यात राहून स्थानिक स्वायत्तता घ्यावी, अशा आशयाच्या करारावर ॲडम्स यांनी सही केली. परंतु बेटावरील लोकांनी तो झिडकारला व नेतृत्व वेब्स्टर यांच्याकडे गेले. सेंट किट्सने टपाल, बँकांतील ठेवी व शासकीय निधी रोखून बेटाची कोंडी केली. जुन्या तिकिटांवर ‘स्वतंत्र अँग्विला’ असा शिक्का मारून नव्या शासनाने ती विकावयास काढली व जगभरच्या संग्राहकांकडून काहीसे उत्पन्न मिळविले. मोठ्या राज्यांपेक्षा लहान समाजव्यवस्था श्रेयस्कर होय, असे प्रतिपादणारे ऑस्ट्रियन अर्थशास्त्रज्ञ लिओपोल्ड कोर यांनी या प्रयोगाला पाठिंबा दिला. तर हार्व्हर्ड विद्यापीठातील विधिज्ञ रॉजर फिशर यांनी सल्लागार म्हणून साहाय्य केले. स्वातंत्र्याची घोषणा ही मात्र बहुसंख्य रहिवाशांच्या दृष्टीने दुय्यम वाट होती. त्यांना ब्रिटिश ध्वजाखालीच रहावयाचे होते. फक्त मधला दुवा म्हणून सेंट किट्स नको होते.

१९६८ च्या प्रारंभी टोनी ली या ब्रिटिश अधिकाऱ्याची एक वर्षाच्या तात्पुरत्या व्यवस्थेसाठी नेमणूक झाली; परंतु त्या अवधीत तोडगा निघाला नाही. ब्रिटनची खरी अडचण कायद्याची होती. सहयोगी राज्याच्या संमतीवाचून त्याचा एखादा भाग वेगळा काढता येत नव्हता व ती संमती देण्यास ब्रॅडशॉ तयार नव्हते. शिवाय एका बेटास फुटून निघू दिले, तर इतर बेटगटही विस्कळीत होतील, अशी भीती कॅरिबियन देशांना वाटत होती. फेब्रुवारी १९६९ मध्ये अँग्विलाने दुसरे सार्वमत घेतले. १,७३९ विरुद्ध ४ मतांनी ब्रिटनशी संबंध तोडण्याचा कौल मिळाला व प्रजासत्ताकाची घोषणा झाली.

लष्करी कारवाई : मार्च १९६९ मध्ये ब्रिटनचे कनिष्ठ मंत्री विल्यम व्हिटलॉक नवा प्रस्ताव घेऊन बेटावर आले, परंतु स्थानिक नेत्यांना विश्वासात न घेतल्याने वातावरण तापले व काही तासांतच सशस्त्र जमावाने त्यांना परत जाण्यास भाग पाडले. बेट परकीय गुंडांच्या कह्यात गेले आहे, असा समज लंडनमध्ये पसरला होता. १९ मार्च रोजी पहाटे दोन युद्धनौकांतून आलेले तीनशेहून अधिक पॅराशूट सैनिक बेटावर उतरले व त्यांच्यापाठोपाठ लंडनचे पोलीसही आले. त्यांना प्रतिकार झाला नाही. कोणीही मारले गेले नाही व गुंडांच्या टोळ्याही सापडल्या नाहीत. सहा हजार वस्तीच्या निरुपद्रवी बेटावर काढलेल्या या स्वारीची जागतिक वृत्तपत्रांनी चेष्टा केली. ज्या सत्तेने कारभार हाती घ्यावा म्हणून लोकांनी दोन वर्षे आर्जवे केली, तिनेच अखेर सैनिक पाठविले. या विसंगतीचा लाभ मात्र अँग्विलालाच झाला. बेटावर ब्रिटिश आयुक्त आला व सेंट किट्सची सत्ता प्रत्यक्षात संपुष्टात आली.

मार्चअखेर ब्रिटनचे संयुक्त राष्ट्रांतील प्रतिनिधी लॉर्ड कॅरडन यांनी वेब्स्टर यांच्याशी बोलणी केली. ज्या शासनाखाली राहण्याची अँग्विलाच्या जनतेची इच्छा नाही, ते तिच्यावर लादण्याचा ब्रिटनचा हेतू नाही, असे आश्वासन या सुमारास ब्रिटनने दिले. पुढील घडामोडींचा आधार हेच आश्वासन ठरले. सैन्यातील अभियंत्यांच्या तुकडीने रस्ते, शाळा इ. कामे केली. १९७० मध्ये सर ह्यू वुडिंग यांच्या अध्यक्षतेखालील आयोगाने अँग्विलाने अधिक स्वायत्ततेसह सेंट किट्सबरोबरच रहावे, अशी शिफारस केली. बेटाने ती अमान्य केली. १९७१ च्या अँग्विला अधिनियमाने बेटाचा कारभार ब्रिटिश आयुक्ताकडे सोपविण्यात आला. कायद्याच्या दृष्टीने ते सेंट किट्सच्या राज्याचा भाग व व्यवहारात वसाहत, अशी ही विलक्षण स्थिती जवळजवळ दशकभर टिकली.

विभक्तता : १९७६ च्या संविधानाने मंत्रिमंडळपद्धती आली व वेब्स्टर पहिले मुख्यमंत्री झाले. पुढील वर्षी एमिल गम्स यांनी त्यांची जागा घेतली. ब्रॅडशॉ १९७८ मध्ये मरण पावले. १९८० च्या निवडणुकीनंतर सेंट किट्समध्ये केनेडी सिमंड्झ यांच्या नेतृत्वाखाली नेव्हिसमधील पक्षाच्या पाठिंब्यावर नवे शासन आले व त्याने अँग्विलाच्या विभक्ततेस संमती दिली. ब्रिटिश संसदेने केलेल्या कायद्यानुसार १९ डिसेंबर १९८० रोजी अँग्विला विधिवत वेगळे झाले. सेंट किट्स व नेव्हिस हे १९ सप्टेंबर १९८३ रोजी स्वतंत्र राष्ट्र बनले. नेव्हिसला फुटून निघण्याचा हक्क त्याच्या संविधानातच देण्यात आला, यामागे अँग्विलाचा अनुभव होता, हे उघड आहे. १९९८ मध्ये नेव्हिसच्या सार्वमतात बहुमत विभक्ततेच्या बाजूने पडले. परंतु आवश्यक दोन-तृतीयांश मते मिळाली नाहीत.

राज्यव्यवस्था : १९८२ च्या संविधानानुसार ब्रिटिश राजसत्तेचा प्रतिनिधी म्हणून राज्यपाल नेमला जातो. संरक्षण, परराष्ट्रव्यवहार, पोलीस व अंतर्गत सुरक्षा, शासकीय सेवा इ. विषय त्याच्याकडे असतात. इतर कारभार निर्वाचित मंत्री पाहतात. २०१९ च्या दुरुस्तीने मुख्यमंत्र्यास ‘प्रीमियर’ हे नाव मिळाले, नामनियुक्त सदस्य रद्द झाले आणि निर्वाचित सदस्यांची संख्या सातवरून अकरा झाली. त्यांपैकी सात मतदारसंघांतून व चार संपूर्ण बेटातून निवडले जातात. २०२० मध्ये एलिस वेब्स्टर प्रीमियर झाले. फेब्रुवारी २०२५ च्या निवडणुकीनंतर कोरा रिचर्डसन-हॉज या त्या पदावर आलेल्या पहिल्या महिला होत. न्यायदान पूर्व कॅरिबियन सर्वोच्च न्यायालयामार्फत चालते व अंतिम अपील लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलकडे जाते. बेट कॅरिबियन समुदाय व पूर्व कॅरिबियन राज्यसंघटना यांचे सहयोगी सदस्य आहे.

अंतिम सत्ता मात्र लंडनकडेच आहे. स्थानिक विधिमंडळास डावलून राजाज्ञेद्वारा कायदा करण्याचा अधिकार ब्रिटनने राखून ठेवला असून तो वापरलाही आहे. कॅरिबियनमधील आपल्या पाच प्रदेशांत खुनासाठी असलेली देहान्ताची शिक्षा ब्रिटनने १९९१ मध्ये व समलिंगी संबंधांस गुन्हा ठरविणारे कायदे २००० मध्ये अशाच आज्ञांनी रद्द केले. या सुधारणांच्या योग्यतेविषयी मतभेद असोत वा नसोत, त्या ज्यांच्यासाठी केल्या, त्यांच्या प्रतिनिधींनी त्या केल्या नव्हत्या. ब्रिटिश संसदेत अँग्विलाचा प्रतिनिधी नाही. १९८१ च्या राष्ट्रीयत्वविषयक कायद्याने तेथील रहिवाशांना ब्रिटनमध्ये राहण्याचा हक्क नव्हता. २००२ पासून त्यांना पूर्ण ब्रिटिश नागरिकत्व मिळाले. २०१६ मध्ये यूरोपीय संघ सोडण्याविषयी ब्रिटनने घेतलेल्या सार्वमतात त्यांना मत नव्हते. वास्तविक अँग्विलाचा प्रवास, इंधन, औषधोपचार व व्यापार मोठ्या प्रमाणात शेजारच्या फ्रेंच व डच सेंट मार्टिनवर अवलंबून असल्याने त्या निर्णयाची झळ त्यांना प्रत्यक्ष पोहोचणारी होती.

आर्थिक स्थिती : एके काळी मीठ, शेवंडांची मासेमारी व परदेशस्थ नातेवाइकांचे पैसे हेच उत्पन्नाचे मार्ग होते. त्रिनिदादला होणारी मिठाची निर्यात १९८० च्या दशकात बंद पडली. त्याच सुमारास उच्च दर्जाच्या पर्यटनाचा विकास होऊन बेटाचे स्वरूप पालटले. पूर्व कॅरिबियन डॉलर हे चलन असून त्याचा विनिमयदर एका अमेरिकन डॉलरला २·७० असा १९७६ पासून स्थिर आहे. पर्यटनावरील भिस्त धोक्याचीही आहे. १९९५ मधील ‘लुईस’ व सप्टेंबर २०१७ मधील ‘अर्मा’ या चक्री वादळांनी बेटाची मोठी हानी केली. २०२० च्या जागतिक साथीत पर्यटन थांबल्यावर ब्रिटनने अनुदान दिले, परंतु त्याबरोबर करसुधारणांची अटही घातली. २०२२ पासून लागू झालेला वस्तू व सेवा कर हा बेटाच्या राजकारणातील तीव्र वादाचा विषय झाला.

विभक्ततेचे एक अनपेक्षित फळ अलीकडे हाती आले. वेगळा प्रदेश म्हणून अँग्विलास स्वतंत्र आंतरराष्ट्रीय संकेताक्षरे मिळाली व त्यांवरून १९९५ मध्ये आंतरजालावरील ‘.एआय’ हे नावक्षेत्र त्याच्या वाट्यास आले. हीच आद्याक्षरे इंग्रजीत कृत्रिम बुद्धिमत्तेचीही असल्याने २०२२ नंतर या नावांस प्रचंड मागणी आली. २०२३ मध्ये त्यांच्या नोंदणीपासून सु. ८·७ कोटी पूर्व कॅरिबियन डॉलर मिळाले. हा शासकीय महसुलाच्या एक-पंचमांशाहून अधिक वाटा होता. बेट सेंट किट्सचा भाग राहिले असते, तर हे उत्पन्न त्यास मिळालेच नसते.

आंतरराष्ट्रीय दर्जाचा प्रश्न : अँग्विला हे संयुक्त राष्ट्रांच्या अस्वयंशासित प्रदेशांच्या यादीत आहे. या यादीचा आढावा घेणाऱ्या विशेष समितीत भारत प्रारंभापासून आहे. २००३ मध्ये या समितीचे कॅरिबियन विभागाचे चर्चासत्र अँग्विलातच भरले होते. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेच्या १९६० च्या ठरावांनुसार वसाहतीला तीन मार्ग खुले असतात : स्वातंत्र्य, अन्य राज्याशी मुक्त सहयोग किंवा समानतेच्या पायावर विलीनीकरण. १९७० च्या घोषणेने जनतेने मुक्तपणे निवडलेला अन्य कोणताही दर्जा हा चौथा पर्याय मान्य केला. त्याच ठरावांनी राज्याच्या प्रादेशिक अखंडतेचाही पुरस्कार केला आहे. अँग्विलाच्या प्रकरणात ही दोन तत्त्वे परस्परांच्या विरोधात उभी राहिली. वसाहतीच्या सीमा ब्रिटिश अधिकाऱ्यांनी सोयीसाठी आखल्या होत्या. त्या पवित्र मानाव्या, तर बेटावरील जवळजवळ एकमुखी कौल निरर्थक ठरतो. तो कौल निर्णायक मानावा, तर प्रत्येक बेटाला व गावाला वेगळे होण्याचा हक्क पोहोचतो. हिंदी महासागरातील कोमोरो बेटांपैकी मायोत बेटाने १९७० च्या दशकात फ्रान्सबरोबर राहण्याचा कौल दिला, तेव्हा असाच पेच उद्भवला. परंतु तेथे कोमोरोच्या स्वतंत्र शासनाची संमती न मिळाल्याने वाद चालू राहिला. अँग्विलाचा प्रश्न सुटला, तो अखेर सेंट किट्सने संमती दिल्यामुळे.

अँग्विलाचा उठाव वसाहतवादाच्या प्रेमापोटी झाला, असे म्हणणे अर्धसत्य ठरेल. दूरची सत्ता लक्ष कमी घालते व तिला दाद मागता येते; जवळच्या सत्तेत आपण कायमचे अल्पसंख्य राहतो, असा त्या लोकांचा शतकभराचा अनुभव होता. त्यांनी निवडलेला आश्रय फुकटचा नव्हता. ज्या लंडनकडे त्यांनी सेंट किट्सविरुद्ध दाद मागितली, त्याच्याविरुद्ध दाद मागण्यास आता तिसरी जागा नाही. संविधानात सुधारणा करून राज्यपालाचे अधिकार कमी करावे, की पूर्ण स्वातंत्र्य घ्यावे, याची चर्चा बेटावर एकविसाव्या शतकातही होत राहिली आहे. तथापि स्वातंत्र्याच्या बाजूने लोकमताचा निश्चित कौल आजवर दिसून आलेला नाही. कोणत्याही बदलाचा निर्णय आपल्या संमतीवाचून होऊ नये, हा १८७२ च्या अर्जातील आग्रह मात्र कायम आहे.